फ्री झोनमधला ४८ जीबीचा गेम : नागपुरातील एका ब्रॉडबँड तक्रारीचा प्रकरण अभ्यास

मे २०१६ च्या अखेरीस, नवतपा सुरू असताना, नागपूरच्या नरेंद्रनगरातील एका घरातले इंटरनेट रविवारी दुपारी एकाएकी मंदावले. बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलीशी आई व्हिडिओवर बोलत होती. आधी चित्र थांबले, मग आवाज तुटू लागला. सुरुवातीला सगळ्यांनी उन्हाला दोष दिला, कारण विजेच्या खांबांवरून लोंबत आलेली केबल आणि गच्चीजवळच्या पत्र्याच्या पेटीतला स्विच त्या दिवसांत रुसतात, हे नागपूरकरांना नवे नाही. संध्याकाळी वडिलांनी कंपनीच्या संकेतस्थळावर आपले खाते उघडले, तेव्हा कारण वेगळेच निघाले. महिन्याचा ६० जीबीचा कोटा संपला होता आणि बिलाचा महिना २५ तारखेला सुरू होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते.

हे कुटुंब माझ्या परिचयाचे आहे. वडील डाक विभागाच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेले, आई गृहिणी, मुलगा नुकताच बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. संगणकाच्या जाळ्यांची कामे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्यांनी मला बोलावले आणि पुढच्या काही महिन्यांतला पत्रव्यवहार मी जवळून पाहिला. त्यांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे नावही दिलेले नाही, कारण इथे जे घडले ते त्या काळी एकाच कंपनीपुरते मर्यादित नव्हते.

प्लॅन आणि त्यातले आश्वासन

डिसेंबर २०१५ मध्ये कुटुंबाने वर्षभराचे १०,८०० रुपये एकरकमी भरून जोडणी घेतली होती. ६० जीबीपर्यंत ४ एमबीपीएसचा वेग आणि त्यानंतर महिना संपेपर्यंत ५१२ केबीपीएस, म्हणजे जेमतेम आठवा भाग, असा तो प्लॅन होता. त्याच गल्लीत केबल असलेल्या दुसऱ्या कंपनीकडे तेवढ्याच पैशांत ८० जीबी मिळत होते. तरीही त्यांनी ६० जीबीचा प्लॅन निवडला तो एका पत्रकामुळे. स्टीम, आयट्यून्स आणि आणखी काही निवडक ऑनलाइन स्टोअरमधून उतरवलेले गेम, गाणी आणि सिनेमे ‘फ्री झोन’मध्ये येतील, त्यांचा ‘कोटा कटणार नाही’, असे त्यात छापले होते. मुलाला गेमची आवड होती आणि नोव्हेंबर २०१५ पासून स्टीमवर किमती रुपयांत दिसू लागल्या होत्या. आयट्यून्स स्टोअर भारतात ४ डिसेंबर २०१२ पासून उघडे होते आणि वडिलांना तिथून नाट्यसंगीत घ्यायची सवय लागली होती. त्यामुळे दरमहा २० जीबी सोडून फ्री झोन पदरात पाडून घेणे, हा हिशेब त्यांच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. मात्र फ्री झोन फुकट नव्हता, त्याची किंमत त्या २० जीबीच्या रूपाने आधीच मोजलेली होती, हे पुढच्या वादात कंपनीचा कोणीही प्रतिनिधी कबूल करायला तयार नव्हता.

गुरुवारी २६ मे रोजी रात्री नऊच्या सुमारास मुलाने ४८ जीबीचा एक गेम उतरवायला लावला. ४ एमबीपीएसच्या जोडणीवर त्याला २८ तासांहून अधिक लागायला हवे होते, पण सकाळी सहा वाजता तो उतरलेला होता. रात्रीतला बराच वेळ वेग २० एमबीपीएसच्या आसपास होता आणि मध्येच तो ४ वर येत होता, असे मुलाने पाहिले होते. घरातल्यांना त्यात आनंदच वाटला. फ्री झोन चालतो आहे याची ती खूण होती. शुक्रवारी सकाळी कोणी खाते उघडून पाहिले असते, तर तिथे ५५ जीबीहून अधिक वापर दिसला असता. उरलेले पाचेक जीबी तीन दिवसांत संपले. पुढचे २६ दिवस ५१२ केबीपीएसवर काढायचे होते. त्या वेगाने १ जीबी उतरवायला सव्वाचार तासांहून अधिक वेळ लागतो.

पहिली तक्रार

सोमवारी वडिलांनी फोनवर तक्रार नोंदवून क्रमांक घेतला. दुसऱ्या दिवशी स्थानिक केबल ऑपरेटरचा माणूस घरी आला, त्याने लॅपटॉपवर स्टीम उघडून एक छोटे डाउनलोड सुरू केले आणि पडद्याकडे बोट दाखवले. “काकाजी, तुम्हीच पाहून घ्या न, वीसचा स्पीड येऊन राहिला. फ्री झोन बंद असता तर एवढा आला असता काय?” तक्रार गुरुवारी ‘निवारण झाले’ या शेऱ्यासह बंद झाली.

त्या माणसाने खोटे काहीच सांगितले नाही, आणि प्रकरणाची गाठ नेमकी तिथेच आहे. तक्रार होती मोजणीबद्दल, उत्तर मिळाले वेगाबद्दल. घरातल्यांनाही तोपर्यंत दोन्ही गोष्टी एकच वाटत होत्या.

बुधवारी १ जूनला संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. घरातली बाकीची सगळी उपकरणे बंद केली, माझा लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि खात्यातला आकडा लिहून घेतला. तो ६१.४ होता. मग स्टीमवरचा २ जीबीचा एक मोफत आणि लोकप्रिय गेम उतरवला. जोडणी तेव्हा ५१२ केबीपीएसवर आलेली होती, तरी डाउनलोड १९ एमबीपीएसने सुरू झाले आणि १५ मिनिटांत संपले. अर्ध्या तासाने खात्यातला आकडा ६३.६ झाला होता. कोटा संपलेल्या जोडणीवर ३५ पटींहून जास्त वेग मिळत होता आणि तरीही प्रत्येक बाइट मोजला जात होता.

यंत्र काय करत होते

छोट्या शहरी इंटरनेट कंपन्यांची त्या काळची रचना माहीत असल्याशिवाय हा विरोधाभास उलगडत नाही. नागपुरातला स्थानिक पुरवठादार मोठ्या वाहक कंपनीकडून मुंबईहून येणारी बँडविड्थ एमबीपीएसच्या हिशेबाने विकत घेतो. त्याचा सर्वांत मोठा आवर्ती खर्च तोच असतो. हजार घरांनी संध्याकाळी एकच फाइल मागवली आणि ती हजार वेळा मुंबईहून आणली, तर ती बँडविड्थ हजार वेळा व्यापली जाते. तीच फाइल एकदा आणून नागपुरातल्याच एका यंत्रात साठवून ठेवली आणि बाकीच्यांना तिथून दिली, तर शहरातल्या स्वतःच्या केबलपलीकडे जवळपास काही खर्च येत नाही. अशा साठवण यंत्राला कॅशे म्हणतात. फ्री झोनचे मूळ या काटकसरीत होते आणि ही काटकसर पूर्णपणे प्रामाणिक आहे.

ग्राहकाचा वेग मर्यादित ठेवणे आणि त्याचा वापर मोजणे ही मात्र दोन वेगळी कामे आहेत आणि ती सहसा दोन वेगळ्या ठिकाणी होतात. वेगाला लगाम स्थानिक राउटरमध्ये असतो. कॅशेमधून निघालेल्या पॅकेटवर, म्हणजे डेटाच्या छोट्या गठ्ठ्यावर, एक छोटी खूण केलेली असते आणि ती खूण दिसली की राउटर त्या पॅकेटला वेगाच्या रांगेतून वगळतो. स्थानिक केबल कंपन्यांत तेव्हा सर्रास दिसणाऱ्या मायक्रोटिक राउटरवर ही सोय चार ओळींत करता येत असे. वापराची मोजणी मात्र ग्राहकाच्या लॉगिन सत्रावर होते. सत्र सुरू झाल्यापासून त्या जोडणीवरून किती बाइट आले आणि गेले याचा एकच एकत्रित आकडा राउटर ठरावीक अंतराने बिलिंगच्या सर्व्हरकडे पाठवतो. त्या आकड्यात कॅशेचे किती आणि मुंबईहून आलेले किती, हा भेद नसतो. तो हवा असेल तर वेगळी मोजणी मुद्दाम बसवावी लागते.

मानेवाडा रोडवरच्या कार्यालयात एका तरुण अभियंत्याने मला हे मोकळेपणाने सांगितले, आणि त्याबरोबर यामागचे कारणही. कॅशेचे यंत्र कंपनीची सेवा या भागात पोहोचवणाऱ्या स्थानिक भागीदाराने स्वतःच्या पैशांनी बसवले होते. पत्रकही त्यानेच छापले होते. परवाना मात्र मूळ कंपनीच्या नावावर होता आणि लॉगिन, मोजणी व बिलिंग तिच्या मुंबईतल्या सर्व्हरवर होत असे. स्थानिक भागीदाराच्या हातात वेग होता, मोजणी नव्हती. त्याच्या हाती जे होते ते त्याने दिले आणि जे नव्हते त्याचे आश्वासन छापले. पहिले काही महिने बोभाटा झाला नाही, कारण बहुतेक ग्राहकांचा कोटा महिनाअखेरपर्यंत पुरत असे आणि न संपलेल्या कोट्यातून काय कापले गेले हे कोणी तपासत नसते. या घरातल्या वडिलांनी मात्र जुन्या सवयीने दर महिन्याचा आकडा वहीत लिहिलेला होता. ती वही आम्ही आयट्यून्सच्या खरेदीशी जुळवून पाहिली. उतरवलेले प्रत्येक नाट्यपद जानेवारीपासून मोजले गेले होते.

आणखी दोन तपशील इथे नोंदवतो, कारण अशा तक्रारींत ग्राहक नेमके यांच्यावरच अडखळतात. मुलाच्या म्हणण्यानुसार गेम ४८ जीबीचा होता आणि खात्यात त्या रात्रीचा वापर ५३ जीबीच्या थोडा वर दिसत होता. कंपनीने याच फरकाकडे बोट दाखवून घरात इतरही वापर झाल्याचा निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात स्टीम १०२४ च्या पटीत मोजत होते आणि बिलिंगचा सर्व्हर १००० च्या. एवढ्यानेच ४८ चे ५१.५ होतात, आणि प्रत्येक पॅकेटसोबत जाणाऱ्या पत्त्याचे वजन धरले की आकडा ५३ च्या वर जातो. दुसरा तपशील मध्येच ४ वर येणाऱ्या वेगाचा. फाइलचे जे तुकडे नागपुरात आधी कोणी मागवले नव्हते ते कॅशेत नव्हते, म्हणून ते मुंबईहून आले. वेगाच्या नोंदीवरून असे सुमारे ७ जीबी निघाले. म्हणजे मोजणी अगदी नीट बसवली असती, तरी शहरात एखादा गेम सर्वांत आधी उतरवणाऱ्याचा कोटा कापला गेलाच असता आणि त्याच्या मागून येणाऱ्यांचा कापला गेला नसता. पत्रकात याचा उल्लेख नव्हता. यंत्राला ठाऊक असलेला हा नियम पत्रक छापणाऱ्याला ठाऊक नसावा, असे माझे मत आहे.

कोणती स्टोअर आणि का

पत्रकातली ‘निवडक’ स्टोअर कशी निवडली होती, हा प्रश्न वडिलांनी लावून धरला. त्यांना त्यामागे काही देवाणघेवाण असल्याचा संशय होता. असा संशय त्या वर्षी हवेतच होता. एप्रिल २०१५ मध्ये एअरटेल झिरो ही योजना जाहीर झाली होती. ग्राहकाच्या डेटाचे पैसे ॲपच्या कंपनीने भरायचे, असे तिचे स्वरूप होते. गदारोळ झाल्यावर १४ एप्रिलला फ्लिपकार्ट त्यातून बाहेर पडले. फेसबुकची इंटरनेट डॉट ऑर्ग, म्हणजे नंतरची फ्री बेसिक्स, हीदेखील काही निवडक संकेतस्थळे फुकट देणारी योजना होती आणि तिच्यावरून वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती व तितकेच तिखट अग्रलेख छापून येत होते.

नागपूरच्या फ्री झोनमध्ये मात्र कोणाशी करार नव्हता. निवडीचे कारण तांत्रिक आणि काहीसे गमतीचे होते. असले पारदर्शक कॅशे फक्त कूटबद्ध न केलेली, म्हणजे मधल्या यंत्राला वाचता येणारी, वाहतूक साठवू शकते, आणि स्टीमचे गेम तेव्हा साध्या एचटीटीपीने येत. यूट्यूब तोपर्यंत कूटबद्ध झाले होते, म्हणून या यंत्राला ते दिसत नव्हते. मोठ्या कंपन्या अशा वेळी स्वतःचीच साठवण यंत्रे पुरवठादारांकडे बसवतात. गुगल ते करत होते आणि नेटफ्लिक्सने आपला ओपन कनेक्ट हा कार्यक्रम २०१२ मध्येच सुरू केला होता. पण नरेंद्रनगरपुरत्या पसरलेल्या भागीदाराच्या दारात असली यंत्रे कोणी आणून ठेवत नाही. म्हणजे ‘निवडक स्टोअर’ ही यादी व्यापारी नव्हती. यंत्राला जे वाचता आले त्याची ती यादी होती.

हेतू स्वच्छ असला तरी परिणाम भेदभावाचाच होतो, हे मात्र इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. स्वतःच्या संकेतस्थळावर कूटबद्ध जोडणीने आपली गाणी विकणारा एखादा मराठी गायक असेल, तर ग्राहकाची सुरक्षितता सांभाळल्याची शिक्षा म्हणून त्याच्या गाण्याचा कोटा कापला जाणार आणि बड्या स्टोअरच्या गाण्याचा नाही. ग्राहक साहजिकच ‘फुकट’ दुकानात जाईल.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव याच दिशेने बोलतो. तिथे समुद्राखालून येणारी बँडविड्थ महाग आणि घरगुती प्लॅनवर जीबीची मर्यादा असल्यामुळे कोटामुक्त डाउनलोडची प्रथा आपल्या फार आधी रुजली. आयआयनेट या कंपनीचा फ्रीझोन प्रसिद्ध होता आणि त्यात एबीसी वाहिनीची आयव्ह्यू सेवा व आयट्यून्स स्टोअर होते. नागपूरच्या पत्रकातले नावही बहुधा तिथूनच आले असावे. मार्च २०१५ मध्ये नेटफ्लिक्स ऑस्ट्रेलियात सुरू झाले तेव्हा आयआयनेट आणि ऑप्टस यांनी ते मोजणीतून वगळले. पण पुढच्याच महिन्यात भागधारकांना लिहिलेल्या पत्रात नेटफ्लिक्सने, अशा योजनांमुळे व्हिडिओ सेवांमधल्या भेदभावाला मान्यता मिळते, आपण त्यात पडायला नको होते आणि पुढे पडणार नाही, असे नमूद केले. सवलतीचा लाभार्थीच जेव्हा हे म्हणतो, तेव्हा त्याचे वजन वेगळे असते.

कायद्याची चौकट आणि अपील

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार क्षेत्राच्या नियामक प्राधिकरणाने, डेटा सेवांच्या भेदभावपूर्ण दरांना प्रतिबंध करणारे विनियम लागू केले. मजकुराच्या आधारावर डेटाचा दर कमीजास्त ठेवण्यास त्यांनी मनाई केली आणि उल्लंघनासाठी दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख रुपये, असा आर्थिक भुर्दंड ठेवला. कोटा हा दराचाच भाग असल्याने एका स्टोअरचे डाउनलोड मोजणे आणि दुसऱ्याचे न मोजणे या मनाईत बसते, याबद्दल मला शंका नाही.

वडिलांपुढे यातून पेच उभा राहिला. जे आश्वासन पाळले जावे म्हणून ते भांडत होते, ते आश्वासनच बेकायदा ठरले असेल, तर मागायचे काय? उत्तर विनियमांच्या संक्रमणाच्या तरतुदीत सापडले. लागू होण्यापूर्वी घेतलेले आणि मुदत न संपलेले प्लॅन चालू राहू शकत होते, पण जास्तीत जास्त सहा महिने. नव्याने देता किंवा नूतनीकरण करता येणार नव्हते. डिसेंबर २०१५ चा त्यांचा प्लॅन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संरक्षित होता आणि मे महिन्यातले डाउनलोड त्या मुदतीत होते. तेच पत्रक मे महिन्यातही नव्या ग्राहकांना वाटले जात होते, हे मात्र कोणत्याही अर्थाने नियमात बसणारे नव्हते. आम्ही ती प्रत अपिलाला जोडली.

कुठे जायचे याबाबतही थोडा गोंधळ होता. अनेकांचा समज काहीही असला, तरी ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. २०१२ च्या विनियमांनुसार आधी कंपनीचे तक्रार केंद्र आणि मग कंपनीचेच अपील प्राधिकरण, अशा दोन पायऱ्या आहेत, आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. ग्राहक मंचाचा मार्ग त्या वेळी डळमळीत होता, कारण २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेऊन दूरसंचाराचे वाद तिथे नाकारले जात. ती कोंडी पुढे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने फोडली.

१० जून रोजी अपील दाखल झाले. वडिलांनी ते दोन पानांत, मराठीत आणि जुन्या कार्यालयीन शिस्तीत लिहिले : पत्रकातले वाक्य, तारीखवार आकडे, १ जूनच्या चाचणीची नोंद आणि शेवटी एकच मागणी. वेगाचा शब्दसुद्धा त्यांनी मुद्दाम आणला नाही. पहिली तक्रार ज्या वाटेने भरकटली होती ती वाट त्यांनी बंद केली. वकिलाकडून लिहून घेतलेल्या अर्जांपेक्षा हा अर्ज मला सरस वाटला.

कंपनीचे उत्तर लक्षवेधी होते. तिने मोजणीची चूक नाकारली नाही, स्वीकारलीही नाही. फ्री झोन ही इंटरनेट सेवा नसून कंपनीच्या आतली बंद जाळ्यातली सुविधा आहे, म्हणून ट्रायचे विनियम तिला लागू नाहीत, असा पवित्रा तिने घेतला. विनियमांत बंद जाळ्यांना खरोखरच सूट आहे. पण अशा जाळ्याची व्याख्याच अशी आहे की त्यातला डेटा इंटरनेटवरून येत नाही आणि जातही नाही, आणि विनियमांना बगल देण्यासाठी ही सूट वापरता येत नाही. कंपनीने स्वतःच्या सर्व्हरवर हक्क घेतलेले सिनेमे ठेवून फक्त आपल्या ग्राहकांना दाखवले असते, तर हा बचाव टिकला असता. स्टीमचा गेम मात्र स्टीमच्या खात्यात इंटरनेटवरून लॉगिन करून, तिथे पैसे भरून घ्यावा लागतो, त्याची पहिली प्रत इंटरनेटवरूनच नागपुरात येते आणि कॅशेत नसलेले तुकडे तर दर वेळी बाहेरून येतात. शिवाय ती सुविधा बंद जाळ्यातली असेल, तर तिचा वापर इंटरनेटच्या कोट्यात का मोजला, या वडिलांच्या प्रश्नाला कंपनीकडे उत्तर नव्हते. स्वतःच्या बचावानेच तिने त्यांची मागणी सिद्ध करून दिली होती.

निकाल ३२ व्या दिवशी, १२ जुलैला आला. ‘सद्भावना म्हणून’ ५५ जीबीचा जादा कोटा पुढच्या बिलाच्या महिन्यात जमा करण्यात आला. हा आकडा कसा काढला हे सांगितले नाही. चूक कबूल केलेली नव्हती आणि मोजणी दुरुस्त करण्याचे आश्वासनही नव्हते.

ऑगस्टनंतर

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सर्व ग्राहकांना संदेश आला की फ्री झोन बंद होत असून त्याऐवजी महिन्याचा कोटा ६० वरून ८० जीबी करण्यात येत आहे. म्हणजे गल्लीतली दुसरी कंपनी जे पहिल्यापासून देत होती, तेच. कॅशेचे यंत्र मात्र चालूच राहिले आणि त्यातून येणाऱ्या डाउनलोडचा वाढीव वेगही तसाच राहिला. दराच्या विनियमांचा त्याला अडथळा नव्हता. वेगातल्या भेदभावाचा प्रश्न ट्रायने नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींत वेगळा हाताळला आणि मजकूर जवळ साठवून देणाऱ्या जाळ्यांना त्यातून वगळले. जवळच्या साठवणीतून झालेली बचत कोणत्याही स्टोअरचे नाव न घेता सगळ्यांच्या कोट्यात वाढ करून वाटायची, ही पद्धत मला योग्य वाटते. स्थानिक भागीदाराला हे डिसेंबरमध्येच करता आले असते. त्याने ते केले नाही, कारण ‘८० जीबी’पेक्षा ‘कोटा कटणार नाही’ हे शब्द पत्रकावर जास्त खपतात.

ऑक्टोबर २०१६ च्या अखेरीस ट्रायने आणखी एक निर्देश काढला. वापराची मर्यादा, ती संपेपर्यंतचा वेग आणि संपल्यानंतरचा वेग ठळकपणे जाहीर करणे त्याने बंधनकारक केले आणि मर्यादेनंतरचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेण्यास मनाई केली. हा निर्देश वर्षभर आधी आला असता, तरी या प्रकरणात फारसा फरक पडला नसता. वाद कोटा किती आहे याचा नव्हता. त्यात काय मोजले जाते, याचा होता.

सप्टेंबरमध्ये वडिलांनी एक शेवटचे पत्र पाठवले. डिसेंबर ते जुलै या सात पूर्ण बिल-महिन्यांत फ्री झोनच्या भरवशावर सोडलेले २० जीबी दरमहा, म्हणजे एकूण १४० जीबी, त्यातून परत मिळालेले ५५ वजा जाता ८५ जीबी, आणि त्यांच्याच प्लॅनच्या १५ रुपये प्रति जीबी या दराने १,२७५ रुपये परत मिळावेत, असा तो हिशेब होता. स्मरणपत्र दोनदा गेले, उत्तर आले नाही. डिसेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा त्यांनी नूतनीकरण केले नाही आणि त्याच खांबावरून दुसऱ्या कंपनीची केबल घरात आली. जुनी केबल काढून न्यायला अजून कोणी फिरकलेले नाही.